आत्याची मुलं किती?

कॉमर्सच्या मुलांच्या माथी जीवशास्त्राचा एक पेपर मारलेला होता, आणि त्या तासाला अख्खा वर्ग जांभया देत असे. वकीलबाई मात्र पहिल्या बाकावर. हे नाव तिला घरच्यांनीच पाडलेलं, कारण पोरगी उठता-बसता 'का?' विचारायची. त्या मंगळवारी प्राध्यापिकाबाईंनी गृहपाठ दिला : आपल्या घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नवरा-बायको नात्यातले असतील तर मध्ये दुहेरी रेघ.

"आणि गेलेल्यांना गाळायचं नाही हं," बाई म्हणाल्या. "त्यांच्यावर तिरकी रेघ मारा, पण जागा द्या."

घरी पुढच्या खोलीत शिवणकामाचा कारखाना होता, मागे संसार. दुपारी वकीलबाईने कपडे बेतायचा खाकी कागद टेबलावर पसरला. शेजारी मोठे काका कात्री चालवत होते, बाबा मशीनवर होते, आणि त्या दोघांची बहीण, म्हणजे आत्या, खाली बसून बटणं लावत होती. येत्या रविवारी वकीलबाईचं लग्न ठरायचं होतं, याच आत्याच्या मुलाशी. या घरात मुलगी बाहेर देतच नसत. आत्या तिच्या आतेभावाला दिलेली. ते आता हयात नव्हते. आई ही बाबांची मामेबहीण. 'आमची मुलगी परक्या दारात गेलेली नाही,' असं काका छातीठोकपणे सांगत.

"काका, आत्याला मुलं किती?"

"हा काय प्रश्न झाला? एक! तुझा होणारा नवरा."

"तीन," आत्या म्हणाली.

बाबांचं मशीन थांबलं.

"दोन गेली. सहा महिन्यांची झाली तरी मान धरेनात. हातपाय लुळे पडत गेले, मग श्वासही पुरेना."

"तुझं दूध बाधलं त्यांना," कात्रीवरची नजर न हलवता काका म्हणाले. "आता मढी उकरू नकोस."

आत्याने सुई खाली ठेवली. वीस वर्षं हेच ऐकत होती बिचारी. कुणाचं तान्हं बाळ तिच्या मांडीवर कधी दिलं गेलं नव्हतं.

तेवढ्यात आई ओल्या हातांनी दारात आली. "आमचाही एक गेला. हिच्या आधीचा. अगदी तसाच."

"त्याला दृष्ट लागली होती," काका म्हणाले.

वा रे न्याय! आजार एकच, पण भावाच्या बाळाला लोकांची दृष्ट, आणि बहिणीच्या बाळांना बहिणीचंच दूध!

वकीलबाईने त्या तिन्ही बाळांना जागा देऊन तिरक्या रेघा मारल्या आणि दुसऱ्या दिवशी तो कागद बाईंपुढे ठेवला. पाहता पाहता बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मी डॉक्टर नाही, आणि कागदावरून रोग सांगता येत नाही. पण असा तक्ता मी वर्गात शिकवते. आई-बाप दोघंही ठणठणीत असतात, पण दोघांच्याही रक्तात तोच दोष लपलेला असतो. दोघांकडूनही तो बाळात आला, तर बाळाला भोवतो. नात्यातल्या लग्नात ही भीती वाढते."

"म्हणजे माझ्यातही असेल?"

"असू शकतो. त्या मुलातही. तपासणी होते त्याची. लग्नाआधी दोघंही जा."

"आणि आईच्या दुधानं?"

"दुधाचा काही संबंध नाही, बाळा."

संध्याकाळी तिने आत्याला हे सांगितलं. आत्या रडली नाही. "पुन्हा सांग," म्हणाली. मग आणखी एकदा, "पुन्हा सांग." तिसऱ्यांदा सांगताना वकीलबाईलाच हुंदका आवरेना.

रविवारी पाहुण्यांनी खोली भरली. कापडाचे तागे भिंतीकडे सरकवले होते. काकांनी घसा खाकरून तारीख सांगायला तोंड उघडलं, आणि वकीलबाई उठली.

"आमच्या दोघांची तपासणी झाल्याशिवाय मी होकार देणार नाही."

"तपासणी?" काकांचा आवाज चढला. "आपल्या रक्ताची? चार बुकं शिकलीस आणि अख्खं घराणं नासकं ठरवायला निघालीस! उद्यापासून कॉलेज बंद!"

बाबा खाली मान घालून बसले. कॉलेज गेलं, तर सगळंच गेलं. पण वकीलबाई खाली बसली नाही.

काका आत्याच्या मुलाकडे वळले. "तू बोल रे. ठरलंय ना?"

मुलाने आईकडे पाहिलं. त्या घरात भावांसमोर कधी मान वर न केलेली आत्या पाहुण्यांतून वाट काढत पुढे आली आणि भाचीच्या शेजारी उभी राहिली.

"मुलगा माझा आहे. तपासणीशिवाय माझीही संमती नाही. आणि हिचं कॉलेज बंद केलंत, तर मीही या कारखान्यात पाऊल टाकणार नाही."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"वीस वर्षं लोक मला म्हणतायत, दादा. आता तुला म्हणू देत."

वकीलबाईने आत्याचा हात घट्ट धरला, आणि मुलगा जागेवरून उठून त्या दोघींच्या बाजूला येऊन उभा राहिला.