रेघेवरचा थेंब

जीप दारात आली त्या दिवशी तिला जीप म्हणायलाही छाती लागत होती. टपाला भोकं, खालच्या पाट्यांना पापुद्रे सुटेपर्यंत गंज, आणि मागच्या सीटखाली एका मांजरीनं आपल्या तीन पिल्लांसह मांडलेला संसार. वहिनी पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "लोक भंगारवाल्याला बोलावून घरातलं काढतात. आमच्याकडे भंगार दोरीनं ओढून घरी आणतात."

ओढून आणणारा होता दादा, म्हणजे वहिनींचे यजमान. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, डोक्यावर केस नाहीत पण कंगवा अजून खिशात. आणि जीप त्यानं आणली होती धाकट्या भावासाठी. या धाकट्याला सगळं गाव फिटर म्हणायचं. दादा मात्र छोट्या म्हणायचा. पन्नाशी उलटली तरी छोट्याच.

फिटरचं असं झालं होतं, की पंपांच्या कारखान्यात ग्राइंडरवरून लोखंडाचा कण उडाला आणि उजव्या डोळ्यात गेला. चष्मा कपाळावर होता. चूक त्याचीच होती, तो ती कधी नाकारत नसे. पण डोळा एकच गेला आणि कारखान्यानं हात दोन्ही काढून घेतले. सव्वीस वर्षं यंत्रं जुळवणाऱ्या माणसाला त्यांनी स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं. पगार तोच, खुर्ची गुबगुबीत आणि अपमान रोज ताजा. ज्यांना त्यानं पाना धरायला शिकवला, तेच आता खिडकीशी येऊन हळू आवाजात विचारायचे, "काका, दिसतंय ना नीट?"

त्याच दिवसांत दादानं त्याला जीपपुढे नेऊन उभं केलं.

"मला गाडी चालवता येते, उघडता येत नाही. तुझे हात लागतील, छोट्या."

"आणि डोळा?"

"तुझ्या बोटांना डोळे आहेत. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

हे शेवटचं वाक्य फिटरनं घरी जाताना दहा वेळा मनात घोळवलं. घरी पोचल्यावर बायकोला ते दोनदा ऐकवलं. माणसाला एवढंच हवं असतं हो. बाकी सगळं वाण्याकडे मिळतं.

दोन वर्षं दोघांनी त्या पत्र्याच्या शेडमध्ये काढली. रोज संध्याकाळी दोन तास, रविवारी पूर्ण दिवस. इंजिन उतरवलं, खोललं, पुन्हा चढवलं. पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवले. स्प्रिंगचे जाडजूड नवे पाटे घालून गाडी दोन इंच उंच केली. पॉवर स्टिअरिंग बसवलं, कारण बत्तीस वर्षं बसचं चाक फिरवून दादाचे खांदे कामातून गेले होते. तेवढ्या काळात वहिनींनी मांजरीची पिल्लं वाढवून शेजारीपाजारी वाटूनही टाकली.

कामाचा एक नियम होता, तो फिटरनं कारखान्यातून आणलेला. बोल्ट आवळायचा तो टॉर्क पान्यानं. हवा तेवढा जोर लागला की हा पाना 'कट्ट' असा आवाज करतो. त्याच्यापुढे कुणाच्या मनगटाची मिजास चालत नाही. कट्ट झालं की बोल्टच्या डोक्यावरून आडवी, दोन्ही बाजूंच्या पत्र्यापर्यंत, रंगाची बारीक रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट हलला तर रेघ मोडते आणि ढिलाई लगेच दिसते. फिटर म्हणायचा, "रेघ म्हणजे सही. एकाच्या सहीवर दुसऱ्याचा हात पडायचा नाही. शंका आली तर हाक मारायची, दोघांनी मिळून उघडायचं." दादानं मान डोलावली होती. रंग म्हणून वहिनींचं नेलपॉलिश घेतलं. फिटरची रेघ लाल, दादाची गुलाबी. "गाडी दुरुस्त करताय की नटवताय?" वहिनी विचारायच्या, पण बाटल्या त्याच आणून द्यायच्या.

दादाची एकही गुलाबी रेघ फिटरनं कधी तपासली नाही. नियम म्हणजे नियम.

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिचा चढ असा, की वर बघताना डोक्यावरची टोपी पडावी. पहिल्याच दिवशी ठरलं होतं, की जीप तो चढ पहिल्यांदा चढेल तेव्हा स्टिअरिंगवर फिटर असेल आणि शेजारी दादा. एका डोळ्यानं गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, तसा कागदही होता. पण फिटरला कागदाचं कौतुक नव्हतं. आपण जोडलेल्या गाडीत, आपल्या भरवशावर, कुणीतरी शेजारी निर्धास्त बसलंय, एवढं त्याला एकदा अनुभवायचं होतं. दोन वर्षं तो त्याच एका सकाळसाठी राबला.

ती सकाळ रविवारची होती. फिटर सातलाच हजर. दादा आंघोळीला गेलेला. वहिनींनी चहाचा थर्मास बॉनेटवर ठेवला आणि त्याच्या हातात एक छोटी बाटली दिली.

"हे घ्या भावजी, तुमचं लाल. ही तिसरी हं! गाडीला लावता की पिता?"

फिटर हसला. "तिसरी कुठली, वहिनी? माझी पहिलीच अजून अर्धी आहे."

"असं कसं? मागच्या महिन्यात ह्यांनीच तर दुसरी संपली म्हणून..."

वहिनी बोलता बोलता थांबल्या. थर्मासचं झाकण घट्ट होतं, तरी ते पुन्हा फिरवलं. मग "दूध उतू जाईल" म्हणून लगबगीनं आत गेल्या. चहा तर केव्हाच झाला होता.

फिटर संशयी माणूस नव्हता. संशयी असता तर सुखात असता. पण बाटलीचा हिशोब काही त्याच्या डोक्यातून जाईना. तो गोणपाट पसरून गाडीखाली सरकला.

मागच्या पाट्यांचे बोल्ट त्याचे. रेघा लाल, सरळ, कुठे मोडलेल्या नाहीत. डोळ्याला सगळं ठीक. मग त्यानं सवयीनं अंगठ्याचं नख रेघेवरून फिरवलं आणि तो थबकला.

रेघ ओढून ब्रश उचलला, की शेवटाला रंगाचा बारीक थेंब राहतो आणि तिथेच वाळतो. फिटर उजव्या हाताचा. त्याची रेघ डावीकडून निघून उजवीकडे संपायची, थेंब उजवीकडे. इथे थेंब डावीकडे होता. शेजारच्या बोल्टवरही डावीकडे. त्यानं ब्रेक चाचपले, इंजिनाचे बोल्ट चाचपले, गिअरबॉक्सचे चाचपले. लाल रेघेचा प्रत्येक थेंब डावीकडे. आणि घरात डावखुरा एकच होता. दादा.

आधी त्याला काही वाटलंच नाही. मग त्यानं नख पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. केसानं गळा कापतात असं तो लहानपणापासून ऐकत आला होता आणि केसानं कसा कापेल, असं त्याला नेहमी वाटायचं. आज कळलं. कापणाऱ्याचा हात तेवढा हलका हवा, दोन वर्षं पत्ता न लागण्याइतका. तो तसाच उताणा पडून राहिला. चेहऱ्यावर ऑइलचा एक थेंब पडला, तोही त्यानं पुसला नाही.

दादा टॉवेलनं डोकं पुसत आला. "काय रे छोट्या, अजून खालीच? ऊठ, खाण वाट बघतेय."

"दादा, माझ्या रेघा कुठे आहेत?"

टॉवेल थांबला. "म्हणजे? आहेत की. लाल, लाल."

"लाल आहेत. माझ्या नाहीत."

दादाला खोटं बोलायला थोडा वेळ लागायचा. तेवढा वेळ फिटरनं दिला नाही. गाडीखालून बाहेर येऊन तो त्याच्यासमोर उभा राहिला. दादा उलट्या बादलीवर बसला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." दादा टॉवेलकडे बघत बोलला. "तू घरी गेलास की मी उघडायचो. आधी पाना टेकवून बघायचो, तरी खात्री वाटायची नाही, म्हणून एकेक ढिला करून पुन्हा आवळायचा. मग रेघ जुळायची नाही, म्हणून थिनरनं पुसून नवी काढायची. अरे, ब्रेकचं काम होतं. आणि तुझा डोळा... म्हटलं, सांगितलं तर तू खचशील."

"आणि न सांगता केलंस, म्हणून मी फुललो का?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"किती ढिले निघाले?"

दादा टॉवेलची घडी घालू लागला.

"दोन वर्षं उघडलेस ना सगळे? माझे किती ढिले निघाले ते सांग."

"एकही नाही," दादा म्हणाला.

पाच-दहा निघाले असते, तर फिटर मान खाली घालून घरी गेला असता. भावाचे पायसुद्धा धरले असते. पण एकही नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना, पुन्हा थिनर! कारखान्यानं निदान तोंडावर सांगितलं होतं, की आता तुमच्यावर विसंबता येत नाही. दादानं विश्वास आहे म्हणून सांगितलं आणि पाठ वळली की एकेक बोल्ट उघडला. फिटरला राग आला होता, पण रागाहून जास्त लाज वाटत होती. दोन वर्षं आपण रोज खुशीत शीळ घालत घरी जात होतो, आणि मागे हे चाललं होतं.

"वहिनींना माहीत होतं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हलला. उत्तर मिळालं.

फिटरनं टॉर्क पाना उचलला. "आता मी तुझे बघतो. तुझ्यासमोर, तुला सांगून."

"बघ की. तुझा हक्कच आहे," दादा म्हणाला, आणि आवाजात थोडा दिलासाही होता. आपलं काम चोख आहे, याची त्याला खात्री होती.

सीटचे बोल्ट कट्ट. पुढच्या बंपरचे कट्ट. मग फिटर स्टिअरिंगच्या डब्याकडे वळला. हा डबा चेसिसला धरून ठेवणारे चार बोल्ट, चारही दादाचे. पहिला कट्ट, दुसरा कट्ट, तिसरा कट्ट. चौथ्यावर पाना टेकवला आणि तो फिरला. आवाज नाही. आणखी फिरला. गुलाबी रेघ दोन्हीकडून मोडली, मधला तुकडा बोल्टबरोबर फिरला, टोकं पत्र्यावर राहिली.

दादा बादलीवरून उठला. तीन बोल्टांवर तो डबा सपाट रस्त्यावर वर्षभरही निघाला असता. खाणीच्या चढावर, दगडांवर चाकं आपटताना, काय झालं असतं ते बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला सांगायला नको होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"असं कसं झालं? मी तर... त्या दिवशी तू लवकर गेलास. मी हा हातानंच बसवला, रेघ काढली, म्हटलं पाना मागून लावू..."

"मग मागून काय केलंस?"

दादाचा आवाज अगदी बसला. "तुझे पाटे उघडायला घेतले."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. इथे तर कुसळ नव्हतंच. मुसळ मात्र दोन महिने स्टिअरिंगखाली आरामात बसलं होतं.

"तुझा एक ढिला होता, दादा," फिटर म्हणाला. "बघ, असं सांगायचं असतं. जीभ झडत नाही."

त्यानं तो चौथा बोल्ट आवळला. कट्ट. मोडलेली गुलाबी रेघ थिनरच्या बोळ्यानं पुसली. खिशातून आपली जुनी, अर्धी भरलेली बाटली काढली आणि डावीकडून उजवीकडे लाल रेघ ओढली. थेंब उजवीकडे राहिला. त्यावर त्यानं हळूच फुंकर घातली आणि वाळेपर्यंत तिथेच वाकून थांबला. अख्ख्या गाडीत तेवढी एकच रेघ त्याची होती.

दादाचे डोळे भरून आले होते. "चुकलं माझं, छोट्या. चल, बस. तूच चालव, मी बसतो शेजारी."

"भरवशावर बसशील, की आधी सगळं पुन्हा बघून?"

दादाची नजर आपसूक गाडीखाली गेली.

फिटरनं किल्ली थर्मासशेजारी ठेवली. "तू जाऊन ये. गाडी चांगली झालीय. नट-बोल्टांसकट सगळी तुझीच आहे. माझा तेवढा एक बोल्ट आहे. तो मात्र तपासू नकोस."

तो हात पुसत निघाला. फाटकाबाहेर येऊन त्यानं कडी लावली, तीही सावकाश. इतकं सगळं होऊनसुद्धा त्याला वाटत होतं, की दादा मागून हाक मारेल, लहानपणी भांडण झाल्यावर मारायचा तशी. म्हणून तो कडीवर हात ठेवून जरासा थांबला.

हाक आली नाही. शेडमध्ये लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. मग, आधीच पुरा आवळलेल्या बोल्टवर पाना टेकवल्याबरोबर येतो तसा, अगदी हलका, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं काढलेला आवाज आला. कट्ट.