मामाचा फेटा

लेकीचं लग्न ठरलं की निम्मी लढाई मारली, असं सयाजीला वाटत होतं. पण तेजस्वीचं लग्न ठरलं, दिवाळीनंतर साखरपुडाही झाला आणि खरी डोकेदुखी तिथून पुढं सुरू झाली. लग्न धरायचं कुठल्या महिन्यात? कोडोलीतल्या त्याच्या घरात सगळा पौष याच काथ्याकुटात चालला होता.

नवरा मुलगा राजवर्धन कुरुंदवाडचा, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. येत्या पावसाळ्यात कंपनी त्याला दोन वर्षांसाठी गुजरातला धाडणार होती. त्याच्या आईचा फोन आला.

"पावणं, रविवारपर्यंत महिना कळवा. न्हायतर मग पोरगं माघारी आल्यावरच बघू की."

तेजस्वी शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उतरला. लांबणीवर पडलेली लग्नं कशी फिसकटतात, हे सयाजीनं भावकीतच बघितलं होतं. आपल्या पोरीचं तसं झालं तर तिला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

"माघ धरूया," तो बायकोला म्हणाला.

"माघात आपल्या उसाला तोड येत्या," बाळाबाई म्हणाली. "फडात उभं ऱ्हाऊन अक्षता टाकायच्या व्हय?"

"मग फाल्गुन?"

"पोरांच्या परीक्षा. कोण येतंय?"

"चैत्र?"

"जोतिबाची यात्रा. समदं गाव डोंगरावर."

"वैशाख तरी धर, बाई!"

"अवो, ऊन काय असतंय! म्हातारी माणसं मांडवात आडवी हुतील."

सयाजीनं कपाळाला हात लावला. गुरुजी म्हणत होते, चारही महिन्यांत मुहूर्त आहेत, तुम्ही बोट ठेवा. बोट ठेवायचं कुठं? त्यानं तोड पुढं ढकलायची तयारी दाखवली. उन्हाचं एवढं भ्या असेल तर कोल्हापुरात एसीचा हॉल घेऊ म्हणाला. त्यावर हॉलात जीव गुदमरतो, असं बाळाबाईनं सांगून टाकलं. गंमत म्हणजे हे स्थळ तिनंच पसंत केलं होतं. जावयाचं कौतुक करताना तिचं तोंड दुखत नव्हतं, मुलीच्या साड्या काढून पुन्हा पुन्हा घड्या घालत होती. आणि महिन्याचं नाव काढलं की हिला काय व्हायचं कोण जाणे.

शनिवारी त्याचा तोल सुटला.

"तुला ह्ये लगीन करायचं हाय का न्हाय, एकदा सांगून टाक!"

बाळाबाईनं हातातली साडी खाली ठेवली. डोळ्याला पदर लावून आत निघून गेली. सयाजी आणखीच गोंधळला. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान काय चुकलं ते तरी कळलं असतं.

तो गोठ्यात गेला. तेजस्वी म्हशीला वैरण टाकत होती.

"तुझ्या आईला झालंय तरी काय?"

तेजस्वीनं हातातली पेंडी खाली ठेवली. "पप्पा, मंगलाष्टकाला माझ्या मागं मामा उभा ऱ्हायला पायजे का नको?"

"पायजे की. उदयसिंह हाय की."

"थंडीत मामाला गुऱ्हाळ सोडता येत न्हाय. उन्हाळ्यात मोकळा असला तरी त्यो यायचा न्हाय. मग आईनं महिना कुठला धरायचा?"

"यायचा न्हाय? का बरं?"

"साखरपुड्याला न जेवता गेलता त्यो."

"गुऱ्हाळावर रसाची काहील चढल्या म्हणून गेलता की!"

"तुम्हाला तसं सांगितलं. त्याला फेटा न्हाय बांधला, पप्पा. समद्यांना बांधला, त्याला न्हाय. आईनं फोन केला तर उचलत न्हाय."

 आता सयाजीला आठवलं. कुरुंदवाडची माणसं सांगितल्यापेक्षा जास्त आली आणि एक फेटा कमी पडला. फेटे बांधणारा खोळंबून उभा. सयाजीच घाईघाईत बोलून गेला होता, उदयसिंह काय, घरचाच माणूस हाय, त्याला कसला मान! मायेनंच म्हणाला होता तो. पण नवरीच्या मामाला, समोर व्याह्यांची पंगत बसलेली असताना, बोडक्या डोक्यानं उभं केलं होतं. आणि बाळाबाई? नवऱ्याला दोष देववेना, भावाला सोडवेना. एवढे दिवस बिचारी ऊन आणि परीक्षा पुढं करत राहिली. सयाजीला स्वतःची लाज वाटली.

रविवारी उजाडताच तो नवा कोरा गुलाबी फेटा घेऊन गुऱ्हाळावर गेला. उदयसिंह गुळव्या. रसाचा गूळ कधी होतो, हे नजरेनं ओळखणारा. काहिलीत पाक रटरटत होता आणि तो हातात फावडं घेऊन सारखा ढवळत होता. दाजींना त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"उदयराव, जरा बोलायचं हुतं."

"गूळ यायला लागलाय. हालता येत न्हाय."

"हालू नका."

सयाजी त्याच्या मागं जाऊन उभा राहिला. फेट्याची घडी मोडली आणि उदयसिंहाच्या डोक्याला पहिला वेढा दिला.

"दाजी, काय करताय! वाफंनं भिजंल त्यो!"

"भिजू दे. लग्नाला दुसरा बांधू. घरचा घरचा म्हणून घरच्यालाच इसरलो, चुकलं माझं."

उदयसिंह ढवळतच राहिला. त्याला हात सोडता येईना आणि मानही हलवता येईना. सयाजीला फेटा कुठं नीट बांधता येत होता? वेढे सैल पडले, शेमला एका कानावर आला. काम करणारी माणसं तोंडावर हात ठेवून हसू लागली. घाम पुसायचं निमित्त करून उदयसिंहानं बाहीनं डोळे पुसले.

"लगीन कवा धरलंय?" काहिलीवरची नजर न काढता त्यानं विचारलं.

"धरलं न्हाय. तुम्ही म्हणशीला तवा."

फावडं क्षणभर थबकलं, मग पुन्हा फिरू लागलं. "वैशाखात गुऱ्हाळ बंद असतंय," तो म्हणाला.

सयाजीनं तिथूनच घरी फोन लावला. "अगं, वैशाख धरायचा."

"वैशाख?" बाळाबाईचा आवाज चढला. "किती येळा सांगू, ऊन..."

"तुझा भाऊ म्हणतोय. हितं म्होरंच हाय, फेटा बांधून."

 फोन तुटला की काय म्हणून सयाजीनं तो कानावरून काढून बघितला. मग आवाज आला, रडका आणि हसराही.

"मग धरा की! वैशाखात कुठलं आलंय ऊन?"