बिनमिठाची कणीक

मोंबासाला मृदंग शिकवणारा कोणी मिळेल का, हे विचारायला मारुती सुतार ठाण्याहून कल्याणला गेला. तिथला नाथा नुकताच आफ्रिकेतून परतला होता. तिकडे नवी रेल्वे घालत होते आणि इकडून सुतार, लोहार, गवंडी बोलावत होते. मारुतीनेही तीन वर्षांच्या करारावर अंगठा उठवला होता. पोराला बरोबर न्यायची परवानगी मुकादमाकडून मिळवली होती. जहाज सुटायला पंधरवडा राहिला होता.

"मृदंग?" नाथा हसला. "अरे, तिकडे सिंह तंबूतनं माणसं ओढून नेतात. त्याचं विचार की."

"ते ऐकलंय. मृदंगाचं सांग."

"शनिवारी आमचं भजन व्हायचं. एक जण ढोलकी बडवायचा. त्याचं आणि तालाचं जुनं वैर होतं." नाथाने पान लावायला घेतलं. "झांजिबारला सुलतानाच्या बाज्यात गोव्याची माणसं आहेत म्हणतात. पण ते पितळी बाजे. तुझ्या पोराला फुंकायला येतं काय?"

"त्याचा हात चालतो. फुंकत नाही तो."

"मग असं कर, हात इथे ठेव आणि पोराला घेऊन जा."

नाथा स्वतःच हसला. मग त्याने मारुतीचं तोंड पाहिलं आणि पान पुढे केलं. "घे. मी आपलं बोललो."

मारुतीने पान घेतलं, पण खाल्लं नाही. परतताना ते हातातच होतं.

रघु नऊ वर्षांचा होता. चालायला लागला तेव्हापासून तो हाताला येईल ते वाजवायचा. मारुती फळी रंधायला घेई, तर हा दुसऱ्या टोकाला बसून ती बडवी. मारुती ओरडे. रखमा म्हणे, "ओरडू नका, ऐका जरा." मारुतीला त्यातलं काही कळत नसे. तिला कळे. तिनेच एक दिवस पोराचा हात धरून त्याला टेंभी नाक्यावरच्या घरातून बाळकुमला नेलं, काळुराम गुरवाच्या दारात उभं केलं आणि सांगितलं, "याचं काय करायचं ते तुम्ही करा."

मृदंगाच्या डाव्या पुडीच्या कातड्यावर ओल्या कणकेची टिकली थापावी लागते. तिच्याशिवाय डावी बाजू घुमत नाही. वाजवून झालं की ती खरवडून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी ताजी लावायची. रखमाच्या घरी गहू सणालाच येत. रोजचं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि मासळी. तरी ती मूठभर गहू वेगळा दळून ठेवी, आणि रोज सकाळी लिंबाएवढा गोळा मळून, ओल्या फडक्यात बांधून रघूच्या हातात देई. "गुरुजींच्या घरचं पीठ कशाला नासायचं," म्हणे.

गेल्या वर्षी गाठीचा ताप आला, आणि रखमा तीन दिवसांत गेली.

दहाव्याला खाडीच्या काठी मारुतीने पिंड मांडला. कावळे झाडावर बसून राहिले, खाली एकही येईना. भट म्हणाला, "बाईंच्या मनात काही राहिलं असेल तर बोला." मारुती हात जोडून म्हणाला, "रघूला मी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. "रघूला मी कधी लांब करणार नाही." तरी नाही. ऊन चढलं. माणसं चुळबुळ करायला लागली. शेवटी तो म्हणाला, "त्याचा मृदंग सुटू देणार नाही." एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

दुसऱ्या दिवसापासून कणीक मारुती मळू लागला. पहिल्याच सकाळी गोळा वळून झाला आणि त्याचे हात थांबले. पांढरा, बिनमिठाचा, तळहातावर मावेल एवढा. असाच गोळा त्याने खाडीकाठी दर्भावर ठेवला होता. पोराच्या हातात हे कसं द्यायचं? त्याने मिठाची चिमूट घेतली आणि कणकेत घालून पुन्हा मळली. पिंडात मीठ नसतं. मीठ घातलं की ते जित्या माणसांचं झालं. मग त्याने गोळा फडक्यात बांधला. रोज तसंच चाललं.

पण घरात त्याला राहवेना. जातं बंद, चूल कशीबशी पेटलेली, आणि संध्याकाळी कामावरून आलं की दारातच पाय अडायचे. म्हणून मुकादमाने मोंबासाचं विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. कावळ्यापुढे दिलेला शब्द नंतर आठवला. तेव्हापासून तो दिसेल त्याला विचारत होता, तिकडे मृदंग शिकवणारा आहे का.

कल्याणहून आल्यावर दुसऱ्या दिवशी तो बाळकुमला गेला. काळुराम देवळाच्या पायरीवर बसून पुडीची चामडी वादी ओढत होता. आत रघु दुसऱ्या जुन्या मृदंगावर वाजवत होता.

"गुरुजी, पंधरा दिवसांत जेवढं देता येईल तेवढं द्या त्याला. तिकडे मग तो आपला आपण वाजवील. मृदंग विकत घेऊन देतो."

"पुडी फाटली की कोण भरून देणार तिकडे?"

"शिकवा मला. सुतार आहे मी."

"पुडी शिकवीन. चुकला तर कान कोण पिळणार?" काळुरामाने वादी सोडली. "मारुती, याच्या हाताला आत्ता कुठे वळण लागतंय. आता सोडलं तर वाकडं वळेल, आणि मग ते कुणाला सरळ करता येत नाही. लाकडाचं तुला सांगायला नको. ठेव त्याला माझ्याकडे. मला तरी कोण आहे?"

मारुती उठून उभा राहिला. "आई गेली त्याची. आता बापही जाऊ दे म्हणता?"

काळुरामाने वादी पुन्हा हातात घेतली. शेजारच्या घरातून त्याची बायको लोटीत पाणी घेऊन आली. मारुती पाणी प्यायला आणि निघाला, तशी ती गोठ्यापर्यंत त्याच्या मागे आली.

"भावजी, एक विचारू? कणकेत मीठ का घालता?"

मारुती थांबला.

"मिठाने पुडी ओली राहते. आवाज बसतो, कातडंही सैल पडतं. रघु रोज आला की तुमचा गोळा गाईला घालतो आणि माझ्याकडून दुसरा घेतो. गाय आता त्याची वाट बघत असते." ती जरा हसली. "मी म्हटलं, बाबांना सांग की. तर म्हणाला, नको, बाबा मीठ का घालतात ते मला माहीत आहे. मला काही सांगेना. तुम्हाला सांगू नका म्हणाला होता, पण आता तुम्ही न्यायचं बोलताय म्हणून सांगितलं."

गाय दावणीला रवंथ करत होती. मारुती तिच्याकडे बघत राहिला. वर्षभर पोराने रोज सकाळी त्याच्या हातून फडकं घेतलं होतं, एक दिवसही कुरकुर न करता. दहाव्याला त्याला त्याच्या मामाशेजारी उभं केलं होतं. त्याने सगळं पाहिलं होतं, पिंडाचा गोळाही.

घरी येताना रघु पुढे चालत होता, बोटांनी मांडीवर बोल वाजवत. मारुतीने विचारलं, "गुरुजींच्या घरी राहशील?"

बोटं थांबली. "तुम्ही?"

"मी जाऊन येईन."

पोरगा पायाने रस्त्यातला खडा उडवत चालला. मग म्हणाला, "तिकडे सिंह आहेत ना?"

"असतात जंगलात. मी हत्यारांच्या पेटीला कुलूप लावून झोपेन."

"सिंहाला पेटी काय करायचीय," रघु म्हणाला, आणि रडायला लागला. मारुतीने त्याला उचलून घेतलं. नऊ वर्षांचं पोर जड होतं. तरी टेंभी नाक्यापर्यंत त्याने खाली ठेवलं नाही.

जायच्या सकाळी मारुती अंधारातच उठला. परातीत गव्हाचं पीठ घेतलं, पाणी घातलं. मिठाची बरणी चुलीशेजारी होती. तिच्याकडे त्याने हात नेला नाही. गोळा वळून झाल्यावर त्याने तो तळहातावर धरला आणि तसाच बसून राहिला. मनात म्हणाला, रखमा, हा तुझा नव्हे, पोराचा आहे.

बाळकुमला काळुरामाच्या दारात त्याने फडकं रघूच्या हातात ठेवलं. "आज मीठ नाही त्यात," एवढंच म्हणाला. रघूने मान हलवली. मारुतीने पेटी खांद्यावर घेतली.

तो भाताच्या खाचरांच्या बांधावर आला तेव्हा मागून मृदंग सुरू झाला. आधी उजवी बाजू, मग डावी. डावी बाजू चांगली घुमत होती. कणीक त्याने मळलेली होती की काळुरामाच्या बायकोने, हे त्याला तिथून कळण्यासारखं नव्हतं. मागे जाऊन बघता आलं असतं. तो ऐकत उभा राहिला, आणि मग पेटी दुसऱ्या खांद्यावर घेऊन स्टेशनाच्या वाटेला लागला.