एक नंबरला जुळणारा चेहरा

मी एक जुनी फाउंडेशनची बाटली आहे, मित्रांनो. काचेची, गोल खांद्यांची, सोनेरी झाकणाची. झाकणाचे सोने केव्हाच उडाले आणि पोटात आता तळापुरताच माल उरला आहे, पण माझी ऐट काही कमी झालेली नाही. फाउंडेशन म्हणजे चेहऱ्याला लावायचा दाट लेप. तो लावणाऱ्याच्या रंगाशी जुळावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ही एवढीशी अपेक्षा मी एकाही माणसाची पूर्ण केली नाही. ते कसे, हे ऐकण्यासारखे आहे.

कारखान्यात आम्ही आठ बहिणी एकाच दिवशी भरल्या गेलो. सर्वांत उजळ मी, म्हणून माझ्या अंगावर एकचा आकडा छापला. शेवटची आठ नंबरची, चिंचोक्यासारखी गडद तपकिरी. एक नंबर मिळाल्यावर माझ्या डोक्यात हवा गेली, हे मी कबूल करते. मला वाटले, परीक्षेत असतो तसाच हा पहिला नंबर आहे. तो नुसता मोजायचा आकडा आहे, हे कळायला मला फार वेळ लागला.

खोक्यात बसून मी गोंडपिपरीला आले, माधवीबाईंच्या लेडीज कॉर्नरमध्ये. बांगड्या, टिकल्या, केसांच्या पिना आणि आम्ही, असे ते दुकान. माधवीबाई मनाने चांगल्या, जिभेने त्याहून चांगल्या, पण माल मागवताना त्या फक्त एक, दोन आणि तीन नंबर मागवत. एजंटने पुढचे नंबर दाखवले की म्हणत, "ते नको. आपल्या इथी उजळच खपते." आता गोंडपिपरीचे ऊन तुम्हाला ठाऊक असेल. मे महिन्यात तिथे डांबर मऊ होते. त्या उन्हात धानाच्या बांधीत आणि कापसात राबणाऱ्या साऱ्या तालुक्याचे रंग पाचच्या पुढचे, आणि त्यांच्या सेवेला आम्ही तिघी पांढऱ्याफटक बहिणी.

तरीही आम्ही खपत होतो. त्याचे कारण दुपट्टा.

आमच्या भागात मुली उन्हात निघताना तोंडाला दुपट्टा असा गुंडाळतात की नुसते डोळे दिसतात. सख्खा बापही रस्त्यात मुलीला ओळखतो तो तिच्या स्कूटीवरून. हा दुपट्टा बांधायला पाच मिनिटे लागतात आणि चार पिना लागतात. त्यामुळे दुकानात आल्यावर तो कोणीच सोडत नाही. चेहरा झाकलेला, मग रंग जुळवायचा कुठे? हाताची मागची बाजू तर स्कूटी चालवून करपलेली. म्हणून माधवीबाईंनी स्वतःची युक्ती काढली होती. त्या हात उलटा करायला लावत आणि कोपराच्या आतल्या खोबणीत, जिथे जन्मापासून ऊन पोचलेले नाही, तिथे माझा ठिपका लावून तो ट्यूबलाइटखाली धरत. तिथे सगळा तालुका एक नंबर निघे.

अशीच एके दिवशी संघप्रिया आली. बाविशीतली, उंच, काटक. जवळच्या गावची. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची, दिवसा विहाराच्या अभ्यासिकेत पुस्तकात डोके घालून बसायची. तिला वनरक्षक व्हायचे होते. भरतीचा अर्ज भरायचा होता, अर्जाला फोटो हवा होता आणि फोटोत आपण नीट दिसावे असे तिला वाटत होते. यात तिचे काय चुकले?

"हात दे बाई," माधवीबाई म्हणाल्या. "उलटा कर. पाह्य, इथी कशी गोरीपान हायेस तू."

दुपट्ट्याआडून संघप्रिया म्हणाली, "पण बाई, माहा चेहरा असा नाई."

"चेहरा उन्हानं तसा झाला. असली रंग हा हाये. घ्यावं तं असली रंगाचंच घ्यावं."

या बोलण्यापुढे भल्याभल्यांचे काही चालत नसे. संघप्रिया मला घेऊन थेट मिथुनच्या फोटो स्टुडिओत गेली आणि तिथल्या आरशासमोर तिने मला तोंडभर लावले. मिथुनने फोटो काढला आणि वर संगणकावर आणखी दोन बोटे उजळवला. "सरकारी फॉर्मात फोटो काळा येते, ताई," तो म्हणाला. "आपण आधीच सोय करून ठेवू."

घरी फोटो बघून तिची आई रुखमाबाई म्हणाली, "पोरगी चांगली हाये. कोनाची व्हय?"

मला मात्र तेव्हा फार अभिमान वाटला. तो फोटो म्हणजे शंभर टक्के मीच होते. संघप्रियाचे त्यात नाक तेवढे होते.

लेखी परीक्षेला ती मलाच फासून गेली. बंद खोली, पंखा, तिथे निभावले. ती पासही झाली. मग उरले ते धावणे. त्या तयारीचे तीन महिने ती उन्हात इतकी पळाली की कोपर सोडून तिचा सगळा रंग आणखी दोन नंबर पुढे गेला. मी तिच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात लिंबू आणि गुळाच्या खड्यासोबत पडून होते. धावताना घामासोबत मी डोळ्यांत उतरेन, म्हणून त्या दिवशी तिने मला लावले नव्हते. तिचा हा विचार अगदी बरोबर होता आणि त्यानेच घात केला.

चंद्रपूरच्या मैदानावर सकाळी आठला दार बंद होणार होते. तिची मैत्रीण हर्षा तिला स्कूटीवर घेऊन आली होती. पावणेआठला संघप्रिया टेबलापाशी पोचली. टेबलामागे रीता मॅडम होत्या, कागद तपासायला. मागच्या खेपेला एकीच्या जागी तिची बहीण धावून गेली होती, म्हणून त्या प्रत्येक चेहरा डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

त्यांनी हॉल तिकिटावरचा फोटो बघितला. मग संघप्रियाकडे बघितले. मग पुन्हा फोटो.

"ही कोण?"

"मीच आहो, मॅडम."

"आधार दाखवा." आधारवरचा फोटो तुम्हाला ठाऊकच आहे, मित्रांनो. त्यात प्रत्येक माणूस विहिरीतून नुकता वर काढल्यासारखा दिसतो. "अन् ही कोण?"

"तीबी मीच आहो."

"मले तर तीन पोरी दिसून राह्यल्या," रीता मॅडम म्हणाल्या, "अन् नाव एकच. बाजूला व्हा. मोठ्या साहेबांना येऊ द्या."

मोठे साहेब साडेआठला येणार होते. संघप्रियाचा चेहरा उतरला. तीन महिन्यांची धाव, दोन वर्षांचा अभ्यास, आणि या साऱ्याच्या आड दुसरे कोणी नाही, मी उभी होते. आयुष्यात प्रथमच मला माझ्या गोरेपणाची लाज वाटली. बॅगेच्या कप्प्यात मी अगदी लिंबामागे सरकले.

पण हर्षाने मला ओढून काढले. "थांब. त्या फोटोसारखंच पायजे ना यायले? तोंड पुढं कर." आणि ती तिथेच, रांगेच्या देखत, मला संघप्रियाच्या तोंडाला लावू लागली. दुनियेत चेहरा बघून रंग शोधतात. इथे रंग बघून चेहरा तयार करणे चालले होते. घाईघाईने तिने डावा गाल संपवला, अर्धे कपाळ संपवले, नाकाच्या मध्यापर्यंत आली आणि तेवढ्यात रीता मॅडमनी मान वर केली.

"थांबा. हलू नका."

हर्षाचा हात हवेत थांबला. मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांनी हॉल तिकीट संघप्रियाच्या डाव्या गालापाशी धरले. मग आधार कार्ड उजव्या गालापाशी. डावीकडे बघितले, उजवीकडे बघितले. रांगेतल्या मुली माना उंचावून बघू लागल्या. मॅडमना हसू आवरत नव्हते.

"कोण्या दुकानातून घेतलं हे?"

"गोंडपिपरीतून. कोपरावर लावून."

"म्याबी तसंच घेतलं होतं, लग्नाच्या वेळी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला. "जा. धाव."

तोंड पुसायला वेळच नव्हता. संघप्रिया तशीच, अर्धी एक नंबर आणि अर्धी स्वतः, मैदानात उतरली. मैदानाच्या आत उभे असलेल्यांना तिची डावी बाजू दिसत होती, बाहेरच्यांना उजवी. आतले म्हणत होते, गोरी पोरगी पुढे आहे. बाहेरचे म्हणत होते, सावळी पुढे आहे. कोणाचेच चुकत नव्हते. तिसऱ्या फेरीपर्यंत घामाने मला गळ्यापर्यंत वाहून नेले, शेवटच्या फेरीत मी बनियनच्या काठाला लागले, आणि शेवटच्या रेषेवर पोचली ती फक्त संघप्रिया. ती वेळेच्या आत पोचली होती. बाटलीतून मला हे दिसत नव्हते, पण हर्षा मला मुठीत आवळून इतकी नाचली की माझे झाकण सैल झाले.

पुढे रुजू व्हायचे पत्र आले आणि ओळखपत्रासाठी पुन्हा फोटो मागितला. सारी हकिगत माधवीबाईंच्या कानावर गेलीच होती. त्या ओशाळल्या होत्या. त्यांनी खास संघप्रियासाठी माझी सात नंबरची बहीण मागवली, संघप्रियाला दुकानाच्या पायरीवर उन्हात बसवले, दुपट्टा सोडायला लावला आणि जबड्याच्या कडेला ठिपका लावून बोटाने पसरवला. मग त्या वाकून बघू लागल्या. इकडून बघितले, तिकडून बघितले, चष्मा घालून बघितले.

"कुठी लावलं व म्या? सापडूनच नाई राह्यलं."

संघप्रियाने आरसा घेतला. तिलाही सापडले नाही. सात नंबर तिच्या रंगात मिळून गेली होती. आयुष्यभर मी लोकांच्या तोंडावर दिसत राहिले आणि त्यालाच मोठेपणा समजले. खरे काम न दिसण्याचे होते, हे मला त्या पायरीवर कळले, आणि खरे सांगते, मी जळले.

पण संघप्रिया उठली. "राहू द्या बाई," ती म्हणाली, "लावूनबी मीच दिसतो तं कायले घेऊ?" आणि ती तशीच फोटोला गेली. एवढा बरोबर रंग काढूनही माधवीबाईंचे गिऱ्हाईक हातचे गेले. त्या पायरीवर बसून कितीतरी वेळ हसत होत्या.

आता मी संघप्रियासोबत जंगलातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. ती दिवसभर गस्तीवर असते आणि मी खिडकीत. एका रविवारी तिने भिंतीतले आधीच्या माणसाचे खिळे उपटले. भिंतीला भोके पडली. बुजवायला काही मिळेना, तेव्हा तिने माझे झाकण उघडले, बोटावर मला घेतले आणि त्या चुन्याच्या भिंतीला लावले. मग ती मागे सरली आणि भोके शोधू लागली. तिला एकही सापडले नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. रंग घ्यायचा असेल तर दुपट्टा सोडा, उन्हात या आणि जबड्याची कड पुढे करा. बाटलीचे झाकण घट्ट लावा, आम्हालाही जीव आहे. आणि कोणी तुमचा हात उलटा करून एक नंबर पुढे केलाच, तर त्यांना नम्रपणे सांगा की आमच्या घरी भिंती ठीक आहेत.