आवाज न करणारी कचरागाडी

मी कचरागाडी बोलतेय. विजेवर चालते, धूर सोडत नाही. म्हैसुरात नजरबादच्या गल्ल्यांत मला येऊन थोडेच दिवस झालेत.

माझी किंमत डिझेलच्या गाडीपेक्षा जास्त. कोणी घेत नव्हतं. माझा कारखाना बंद पडायला आला होता. मग सरकारनं ठरवलं, नुसती किंमत बघायची नाही, पुढचा खर्च आणि धूरही हिशेबात धरायचा. आधी आमच्यासारख्या मोजक्याच गाड्या घेतल्या. नीट चाललो तर आणखी घेणार, नाहीतर पुन्हा डिझेल.

मला चालवायची हौस इथल्या डिझेल गाडीच्या ड्रायव्हरला, नागेंद्रला होती. विजेची गाडी द्या म्हणून तो पालिकेच्या साहेबांच्या मागे लागला होता. मी यायच्या आधीच तो गेला. ताप आला आणि त्यातच वारला. त्याच्या जागी धाकटा भाऊ रक्षित लागला.

रक्षित रडत नाही. बोलतही नाही. चावी फिरवतो, ब्रेक सोडतो. डबा उघडतो, तसाच बंद करतो.

डिझेलची गाडी खडखडली की बायका बादल्या घेऊन बाहेर यायच्या. मला आवाजच नाही. खरेदीच्या वेळी बॅटरी, चाकं, सगळं मागितलं, भोंगा मागायचा राहिला. आम्ही गल्लीतून जायचो, कोणाला पत्ता नसायचा. मी रिकामीच परतायचे. साहेब म्हणाले, असंच चाललं तर या गाड्या परत.

कचरा भरणारी सुष्मा रक्षितला म्हणाली, "तुझ्या अण्णानं मागून घेतलेली गाडी. तू परत पाठवतोस काय? हाक मार की."

तो तिच्यावर खेकसला. दार आपटून उतरला, चालत टोकापर्यंत गेला. परत येऊन बसला. मग मान बाहेर काढून ओरडला, "अक्का, कचरा!"

आवाज थेट मोठ्या भावाचा. दारं उघडली. कमलिनीबाई बादली घेऊन लगबगीनं आल्या.

"अय्यो नागेंद्रा, कुठं होतास रे इतके दिवस?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"तो गेला, अक्का. मी रक्षित. बादली द्या."

त्यांनी दिली. त्यानं रिकामी केली. पुढच्या दारी पुन्हा ओरडला. तिथंही कोणी नागेंद्र म्हणूनच आलं. तिथंही त्यानं सांगितलं. गल्ली लांब आहे.

आज मी भरून परतले. उद्याही आम्ही येऊ. हाक ऐकू आली की लगेच बाहेर या. त्याला दुसऱ्यांदा ओरडायला लावू नका.