मध्येच थांबलेलं बोट

फोनवर अ‍ॅप उघडताना, मिटताना स्क्रीन सरकते ना, ती हालचाल सुरेख करायची, एवढंच आमच्या टीमचं काम. मोठ्या मॅडमनी शुक्रवारची मुदत दिली होती. तोवर सुधारणा दिसली नाही, तर टीम मोडून प्रत्येकाची रवानगी वेगवेगळ्या विभागात. मॅनेजर मी, म्हणून झोप माझी उडालेली. भांडून-तंडून जमवलेली ही माणसं सोडायला माझा जीव तयार नव्हता.

लोकांची तक्रार एकच, फोन अडखळतो. आमच्या चाचण्यांत मात्र सगळं झक्क. मग घोडं अडत होतं कुठे?

बुधवारी माझ्या फोनची बॅटरी संपली, म्हणून काकांचा मागितला. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. अ‍ॅपवर बोट ठेवलं, तर ते सरकत आलंच नाही. खाडकन उघडलं.

"काका, अ‍ॅनिमेशन कुठे गेलं?"

"बंद केलंय. फार वेळ खातं हो."

"आपणच बनवलेलं?"

"दिवसभर तेच बघतो. घरीही तेच बघू?"

बाकीच्यांचे फोन तपासले. सगळ्यांनी बंद केलेलं! स्वतःच्या हातचं न खाणारे आचारी नुसते. मी तोंड सोडणार, तेवढ्यात आमची डिझायनर म्हणाली, "ताई, तुमचा बघू?"

मी तो घाईघाईने चार्जिंगला लावला. हशा पिकला.

"दात काढू नका. आत्ताच्या आत्ता चालू करा सगळ्यांनी. मीही करते."

संध्याकाळी काका घरी निघाले. जिन्यात त्यांनी एक अ‍ॅप बंद करायला बोट सरकवलं, मग विचार बदलून मध्येच थांबले. स्क्रीन कुठली ऐकतेय! आधी गचका खाऊन पूर्ण मिटली, मगच पुन्हा उघडली.

"सापडलं!" काका जिन्यातूनच ओरडले.

चाचणी घेणारं यंत्र कधी मध्येच थांबत नाही. माणसं थांबतात. काका तसेच वर आले, बॅग खुर्चीवर टाकली आणि कामाला बसले. गुरुवारी कुणी जेवायलाही धड उठलं नाही. कितीतरी महिन्यांनी सगळे एकमेकांशी कामावरून भांडत होते, आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटत होतं!

शुक्रवारी मॅडमनी माझं भाषण सुरू होण्याआधीच थांबवलं. "फोन द्या."

त्यांनी बोट सरकवलं, मध्येच थांबवलं. स्क्रीन बोटाखाली थांबली. बोट मागे नेलं, तीही अलगद मागे आली. त्यांनी पुन्हा केलं. मग पुन्हा. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

"मला वाटलं, तुम्हाला यात आता रस उरला नाही," मॅडम म्हणाल्या.

बुधवारपर्यंत ते खरंच होतं.

"सोमवारपासून तुमची वाटणी करायचं ठरवलं होतं मी." त्यांचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. "राहू दे आता. आणि हे आधी माझ्या फोनवर टाका. माझं अ‍ॅनिमेशन तर बंदच आहे."

"आणा इकडे," काका म्हणाले, आणि एरवी चहाला बोलावलं तरी न हलणारा माणूस ताडकन उठला.