वाणात दिलेला लॅपटॉप

त्या वर्षी आमच्या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि बीड बायपासला दर आठवड्याला एका नव्या इमारतीचा फलक लागायचा. प्यायला पाणी नव्हतं, पण बांधकामं जोरात होती! अशाच एका बांधकामावर वैजापूरकडचा कचरू कामाला होता. गावाकडची विहीर सलग दोन वर्षं कोरडी पडली, तसं बायको-मुलीला घेऊन तो शहरात आला. त्याची बायको दगडाबाई मधुसूदनरावांच्या घरी धुणंभांडी करायची. मुलगी श्रेया बारावी पास झाली होती आणि मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार होती. एका डाळमिलच्या ऑफिसात तिच्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली होती. अट एकच, जूनअखेर टायपिंगचं सर्टिफिकेट हातात पाहिजे.

मधुसूदनराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आजोबा निजामाच्या अमलात मुन्शी, वडील कारकून, त्यामुळे अक्षर आणि टायपिंग यांचा घराण्याला भारी अभिमान. मुलगा केयूर पुण्यात इंजिनियर. त्याचा कॉलेजातला जुना लॅपटॉप दोन वर्षं कपाटावर पंचांगांच्या गठ्ठ्याशेजारी पडून होता. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशी एक तरी वस्तू तुमच्या-माझ्या घरी असतेच. आणि अशा वस्तूचं काय करायचं, हेही आपल्याला चांगलं ठाऊक असतं!

“दगडाबाईच्या पोरीला देऊ या,” संक्रांतीच्या आधी त्यांच्या पत्नी दमयंतीबाई म्हणाल्या. “हळदीकुंकवाला वाण म्हणूनच देते. बाकीच्यांना स्टीलच्या वाट्या आणि तिला लॅपटॉप. सगळ्या बघतच राहतील.”

लॅपटॉप सुरू होतो की नाही हे बघायला मधुसूदनराव तो शहागंजात मोतीरामकडे घेऊन गेले आणि तो कुणाला, कशासाठी द्यायचा तेही त्यांनी सांगितलं. मोतीरामनं तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते आणि आता त्याच दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करत होता.

“मशीन ठीक हाय साहेब, पण जीव लहान हाय त्याचा,” मोतीराम म्हणाला. “दोनच जीबी रॅम. ह्याच्यावर लिनक्स नावाची सिस्टीम टाकू, त्यातली बारकी, लुबंटू म्हन्त्यात तिला. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलीय. पैशे लागत नाय अन् चोरी बी नाय. पोरीचं टायपिंग मस्त होईल.”

“फुकटची?” मधुसूदनरावांच्या कपाळावर आठी पडली. “चार बायकांसमोर द्यायचाय तो. केयूरच्या नव्या लॅपटॉपवर आहे तीच टाका, एकदम लेटेस्ट. आम्ही कुणाला द्यायचं म्हणजे हलकंसलकं देत नाही.”

“ती ह्याला झेपायची नाय साहेब. अन् तिचं लायसन?”

“लायसनचं कोण विचारतंय? सगळेच वापरतात!”

मोतीरामनं नकार दिला. पण असल्या कामाला माणसं कमी नाहीत. दोन दुकानं पुढं एकानं चोरीची कॉपी तासाभरात टाकून दिली. स्क्रीनवर निळा डोंगर आणि तळं झळकलं. लॅपटॉप चालू व्हायला किती वेळ लागतो, हे बघायला मधुसूदनराव थांबले नाहीत.

हळदीकुंकू थाटात झालं. कप विसळायला आलेल्या दगडाबाईला पुढं बोलावून, लॅपटॉपला हळदीकुंकू लावून दमयंतीबाईंनी तो तिच्या हाती दिला. फोटो निघाला, महिला मंडळाच्या ग्रुपवर गेला, आणि सत्तेचाळीस जणींनी हात जोडले. दगडाबाईचे डोळे भरून आले होते, तेही फोटोत आलं. नंतर तिनं राहिलेले कप विसळले.

त्यानंतर रोज टँकरच्या रांगेतून हंडे आणून ठेवले की श्रेया पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप लावायची. तो चालू होईपर्यंत तिची भाकरी थापून व्हायची. टायपिंगच्या क्लासमध्ये दिवसाला तासभरच मशीन मिळायचं, म्हणून खरा सराव या लॅपटॉपवरच. ती एक शब्द मारायची आणि स्क्रीन कोरीच राहायची. पंखा घरघरायचा, बूड तापायचं, मग कुठं तो शब्द उमटायचा. घाईनं पुढं मारलं तर अक्षरं गळायची. मग ती शब्द मारून थांबायला शिकली.

“आई, लई हळू चालतोय गं ह्यो. काकूंना सांग की.”

“गप. वानात दिलंय त्यांनी, कुकू लावून. वान परत नेत्यात व्हय? त्यांनी एवढं भरल्या घरात दिलं, अन् आपन नाव ठेवायचं?”

मधुसूदनरावांनी दोनदा विचारलंही, “काय, चाललंय का टायपिंग?” दोन्ही वेळा दगडाबाई म्हणाली, “लई चांगलं चाललंय, साहेब.”

जूनमध्ये निकाल लागला. मिनिटाला तीस शब्दांचा वेग लागतो, श्रेयाचा बावीस भरला. ती नापास झाली आणि डाळमिलची जागा दुसऱ्या मुलीला गेली. श्रेया वाळूजला एका कंपनीत बारा तास खोकी चिकटवायला जाऊ लागली.

“लॅपटॉपसुद्धा दिला हो आपण!” दमयंतीबाई मैत्रिणीला फोनवर सांगत होत्या. “आता याहून काय करायचं? या लोकांना नुसतं देऊन उपयोग नाही.” स्वयंपाकघरात दगडाबाई भांडी घासत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ऐकू येतं हे दमयंतीबाईंनाही ठाऊक होतं.

मधुसूदनरावांना वेगळाच राग होता. आपल्या घरातून गेलेल्या मशीनवर शिकलेली मुलगी बावीसवर अडकते म्हणजे काय! रविवारी त्यांनी तिला लॅपटॉप घेऊन बोलावलं. “बस इथं. मी शहाऐंशी साली चाळीसच्या वेगानं पास झालोय. टायपिंग म्हणजे काय ते दाखवतो.”

लॅपटॉप चालू व्हायला सतरा मिनिटं लागली. मधुसूदनराव दोनदा म्हणाले, “बिघडला वाटतं.” श्रेया सवयीनं वाट बघत बसली. अखेर पान उघडलं. चष्मा सावरून त्यांनी कचेरीतल्या पत्राची नेहमीची सुरुवात मारली. जुनी सवयीची बोटं, सुसाट निघाली. दोन ओळी मारून त्यांनी वर पाहिलं, तर स्क्रीनवर फक्त ‘महोदय’!

“हे काय? हे उमटत का नाही?”

“एक शब्द झाला की थांबावं लागतं काका,” श्रेया हळूच म्हणाली. “मंग येतो तो.”

“थांबायचं? टायपिंगमध्ये थांबायचं?” त्यांचा आवाज चढला आणि तसाच मधेच बसला. “आणि... परीक्षेत?”

“तितलं मशीन भारी व्हतं. मारलं की उमटत व्हतं. पन माजी बोटंच थांबत व्हती. सवय लागली व्हती ना.”

मधुसूदनरावांनी आपल्या हातांकडं पाहिलं. त्यांच्या जुन्या टाइपरायटरची कळ दाबली की काडी फाडकन कागदावर आपटायची. त्या आवाजावर त्यांची बोटं घडली होती, त्या बोटांवर नोकरी, घर, केयूरचं शिक्षण, सगळं उभं राहिलं होतं. आणि या पोरीची बोटं आपण पाच महिने बिघडवत होतो! आपल्या खोट्या दिमाखापायी!

“अगं, सांगायचं नाही का एका शब्दानं?”

दारातून दगडाबाईच बोलली. “वान व्हतं ना साहेब.”

मधुसूदनरावांना तिच्याकडं बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते श्रेयाला घेऊन शहागंजात गेले. मोतीरामनं सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. बिजागरीत अजून कुंकू अडकलेलं होतं. ते त्यानं ब्रशनं झाडलं.

“साहेब, तुमच्या घरी दोन हंडे पानी हाय. त्यातलं पावनेदोन हंडे अंगनात सडा मारायला गेलं, तर प्यायला काय ऱ्हाईल? ह्याचं तसं झालंय. सगळी ताकद नटन्यामुरडन्यातच चाललीय, पोरीच्या अक्षराला काय उरतंय? मी जानेवारीतच सांगितलं व्हतं.”

“मला वाटलं, फुकटचं ते...”

“फुकटचं नाय, सगळ्यांचं हाय ते! तुमी चोरीचं चाललं म्हन्ले, अन् सगळ्यांच्या हक्काचं नको म्हन्ले. का? तर चार बायका बघनार. एक सांगतो, राग मानू नका. पोरगी नापास झाली नाय. आपन केली. मी बी त्यातलाच, नकार देऊन गप बसलो. हिच्या घरी जाऊन सांगायला पायजे व्हतं.”

मधुसूदनरावांनी राग मानला नाही. “तीच टाका,” ते म्हणाले.

काम तासाभराचंच होतं. मोतीरामनं लुबंटू टाकली, टायपिंगच्या परीक्षेचा मराठी कीबोर्ड बसवला आणि लॅपटॉप श्रेयापुढं सरकवला. मिनिटभरात तो चालू झाला. डोंगर नव्हता, तळं नव्हतं. साधं पान समोर आलं.

“मार,” मोतीराम म्हणाला.

श्रेयानं पहिला शब्द मारला. बोट उचलायच्या आत तो उमटला. आता ती भराभर मारेल म्हणून मधुसूदनराव बघत राहिले. पण श्रेया थांबली होती. तिनं दुसरा शब्द मारला, तोही लगेच आला, आणि ती पुन्हा थांबली. वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तिची बोटं वाट बघत होती.

“माफ कर पोरी,” मधुसूदनराव म्हणाले.

“पुढली परीक्षा डिसेंबरात हाय, काका,” ती स्क्रीनवरची नजर न हटवता म्हणाली. “तवर मोडेल सवय.” डाळमिलची गेलेली जागा मात्र परत मिळणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.

नागरिकहो, देताना आपण वस्तू बघतो, फोटो बघतो, चार लोकांचे डोळे बघतो. घेणाऱ्याला तिचा उपयोग काय, एवढं मात्र विचारत नाही. जुनं यंत्र टाकाऊ नसतं. त्याला पेलेल अशी साधी, सर्वांसाठी खुली असलेली सिस्टीम त्यात टाकली तर ते अजून कैक वर्षं एखाद्या पोरीच्या कामी येतं. पण ती सिस्टीम निवडायला आधी आपला बडेजाव खाली ठेवावा लागतो. आणि ज्याला आपण दिलं, त्याला ‘हे चालत नाही’ असं तोंडावर सांगता येत नसेल, तर आपण त्याला काही दिलेलंच नाही, फक्त त्याचं तोंड बंद केलंय!

येत्या संक्रांतीला वाण लुटण्याआधी एवढं करा. द्यायचं ते यंत्र आधी स्वतः चालवून बघा.